यकृत प्रत्यारोपणाची वाट पाहताना: घरातल्या वहीपासून मध्यरात्रीच्या फोनपर्यंत

आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे आण्णांचे, नाव यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नोंदवून आम्ही रात्रीच्या गाडीने बेळगावला उतरलो, तेव्हा आमच्या हातात दोन फायली, औषधांची पिशवी आणि ‘फोन चालू ठेवा’ एवढी एकच सूचना होती. उद्या सकाळी उठल्यावर काय करायचे, भाकरीत मीठ घालायचे की नाही, रात्री आण्णा असंबद्ध बोलू लागले तर कोणाला हाक मारायची, हे त्या फायलीत कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या चौदा महिन्यांत ते आम्ही शिकलो, काही चुका करून आणि काही भल्या डॉक्टरांना व परिचारिकांना पुन्हा पुन्हा विचारून. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीपासून कारवार आणि भालकीपर्यंत ज्या मराठी घरांत आज अशी वाट पाहिली जात आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. औषधांचे प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील. घरात काय पाहायचे, काय लिहून ठेवायचे आणि कधी घर सोडायचे एवढेच मी सांगणार आहे.

आधी यादीचे गणित समजून घ्या

यकृताची यादी बँकेतल्या टोकनासारखी चालत नाही. आधी नाव लागलेल्याला आधी यकृत मिळेल असे नसते. मेंदूमृत दात्याचे यकृत कोणाला द्यायचे हे ठरवताना रक्तगट, शरीराची ठेवण, आजाराची तीव्रता आणि त्या राज्याचे वाटपाचे नियम पाहिले जातात. तीव्रता मोजण्यासाठी ‘मेल्ड’ नावाचा अंक वापरतात. तो ६ पासून ४० पर्यंत असतो आणि बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर व सोडियम या रक्ततपासण्यांवरून काढला जातो. त्याच्या नव्या सूत्रात अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिनही धरतात. अंक जितका मोठा तितका धोका जास्त. म्हणून सांगितलेल्या तारखेला रक्त तपासून घेणे आणि अहवाल रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाकडे पोहोचल्याची खात्री करणे हे घरच्यांचे पहिले काम आहे. जुन्या अहवालावर अडकलेला अंक रुग्णाची आजची अवस्था सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करावी. पोटातील पाणी, खाज, थकवा, डोक्यातील गोंधळ यांपैकी काहीही या अंकात थेट मोजले जात नाही. आण्णांचा अंक १८ होता तेव्हा ते अंथरुणावरून उठत नव्हते, आणि त्याच प्रतीक्षाकक्षात २४ अंकाचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे ‘अंक कमी आहे, मग काय होतंय’ असे रुग्णाला कोणीही म्हणू नये, आणि अंक कमी असूनही त्रास फार असेल तर तो डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा.

सीमाभागातील घरापुढे आणखी एक प्रश्न असतो: बंगळूर की पुणे? बेळगावपासून पुणे सुमारे ३४० किलोमीटर आणि बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आहे. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही राज्याची संस्था वाटपाचे काम पाहते, तर महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठी राज्याच्या रहिवासाची अट काढण्याचा निर्णय घेतला आणि प्रत्येक रुग्णाला राष्ट्रीय ओळख क्रमांक देण्याची पद्धत आणली. त्यामुळे बेळगावचा माणूस पुण्यात नाव नोंदवू शकतो. आपल्या ओळखीचे डॉक्टर कोठे आहेत, घरातले कोण सोबत राहू शकेल आणि सरकारी योजनेचे पैसे कोणत्या राज्यात चालतात, या तीन गोष्टी एकत्र बसवून निर्णय घ्यावा. नुसते भाषेच्या ओढीने पुणे किंवा नुसते शिधापत्रिकेमुळे बंगळूर असे ठरवू नये. आम्ही भाषेचा विचार आधी केला आणि पैशांचा नंतर, त्यात दोन महिने गेले.

एक वही उघडा

दोनशे पानी साधी वही घ्या आणि ती रुग्णाच्या उशाशी ठेवा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत वजन करून लिहावे. त्याखाली आदल्या दिवशी शौचाला किती वेळा झाले, लघवी नेहमीसारखी झाली का, ताप किती, रक्तदाब किती, जेवण किती गेले आणि रात्री झोप लागली का, एवढे टिपावे. शेवटच्या पानावर औषधांची नावे, प्रमाण आणि रक्तगट लिहावा. घरी दुसरे कोणी सांभाळायला आले, तर ही वही वाचूनच त्याला घरात काय चालले आहे ते कळते.

या वहीचा खरा उपयोग रुग्णालयात होतो. ‘थोडी सूज वाटते’ हे ऐकून डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. ‘तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले आणि शौचाला एकदाच होत आहे’ असे ऐकल्यावर ते तिथल्या तिथे औषध बदलतात. मनालाही त्याचा आधार होतो, कारण वाट पाहणाऱ्या घराला रोज करण्यासारखे काम लागते.

पोटातील पाणी आणि मीठ

यकृत कठीण झाले की त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब वाढतो, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि पोटात पाणी साचते. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्याच्या आत, ठेवण्यास बहुतेक डॉक्टर सांगतात. यात भाजी-आमटीतले मीठही आले. आमच्याकडे सोपा उपाय असा केला की रुग्णाचे दिवसाचे मीठ सकाळीच मोजून डबीत काढून ठेवायचे आणि त्याच डबीतून त्यांच्या ताटात घालायचे. जोंधळ्याच्या भाकरीत मीठ नसले तरी ती गोड लागते, हे आपले भाग्यच. लोणचे, पापड, खरडा, भडंग, फरसाण, खारी, बाजारचा पाव आणि हॉटेलची आमटी मात्र बंद करावी लागते. लिंबू, आमसूल, लसूण, आले, कोथिंबीर आणि भाजलेले जिरे यांनी चव टिकते.

येथे दोन चुका टाळा. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते, त्यात पोटॅशियम असते. रुग्ण स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. भेटायला येणारे आप्तेष्ट प्रेमाने शहाळी आणतात, त्यांतही पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा विचारल्याशिवाय रोज शहाळे देऊ नये. दुसरी चूक म्हणजे घरच्यांनी आपल्या मनानेच पाणी पिणे बंद करणे. पाण्यावर मर्यादा सर्वसाधारणपणे रक्तातील सोडियम फार खाली गेले तरच घालतात.

लघवीच्या गोळ्यांनी वजन उतरताना घाई नको. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो आणि असेल तर सुमारे एक किलो, याहून वेगाने वजन उतरू लागले तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि ते रुग्णालयाला कळवावे लागते. पोट ताठ होऊन श्वास लागू लागला की सुईने पाणी काढतात. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढायचे असेल तर सोबत अल्ब्युमिन देण्याची पद्धत आहे. त्या बाटल्या महाग असतात, म्हणून खर्चाची तजवीज आधीच विचारून ठेवावी. ‘पाणी काढले की शक्ती जाते’ या समजुतीने आमच्या घरी एकदा आठवडाभर उशीर झाला आणि तो आठवडा आण्णांनी बसून काढला, आडवे होणेही त्यांना जमत नव्हते. बेंबी बाहेर आली असेल तर जड उचलू नये, आणि ती कडक होऊन दुखू लागली तर थांबू नये.

भ्रम: जो सर्वांत आधी घरच्यांना दिसतो

या भागावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण येथेच घरचे माणूस डॉक्टरांच्या आधी आजार ओळखते. आतड्यात तयार होणारी अमोनियासारखी द्रव्ये यकृत साफ करू शकले नाही की ती मेंदूपर्यंत जातात. सुरुवात मोठ्या गोंधळाने होत नाही. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, चिडतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, सही वाकडी होते, शर्टाची बटणे चुकतात, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. आण्णा चाळीस वर्षे दूध डेअरीचा हिशेब लिहीत आले होते. एका सकाळी त्यांनी वहीत ७२ च्या जागी २७ लिहिले, आणि वहिनींना ते खटकले. त्या दिवशी आम्ही निघालो म्हणून अतिदक्षता विभाग टळला.

घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगायला लावायची. पंधराच्या वर नावे सहज येत असतील तर बरे. दहाच्या आत अडखळत असतील तर डॉक्टरांना कळवावे. ही चाचणी मातृभाषेतच घ्यावी. रुग्णालयात कन्नड किंवा इंग्रजीत विचारल्यावर आपला माणूस गप्प बसला, तर तो भाषेमुळे गप्प आहे की भ्रमामुळे, हे समोरच्याला कळत नाही. तेथे घरच्यांनी पुढे होऊन मराठीत विचारून दाखवावे.

यावरचे मुख्य औषध म्हणजे लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध. ते बद्धकोष्ठासाठी दिले आहे असे वाटून अनेक घरांत ‘आता साफ होते आहे’ म्हणून बंद केले जाते, किंवा ‘जुलाब लागले’ म्हणून बाटली कपाटात जाते. खरे तर दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच होणे हेच त्या औषधाचे उद्दिष्ट आहे. एकदाच झाले तर मात्रा वाढवावी लागते, चार-पाच वेळा पाण्यासारखे होऊ लागले तर कमी करावी लागते. किती वाढवायची आणि किती कमी करायची हे डॉक्टरांकडून आधीच वहीत लिहून घ्यावे, म्हणजे रविवारी रात्री फोन लावत बसावे लागत नाही. काहींना सोबत रिफॅक्सिमिनच्या गोळ्या देतात. त्या महाग आहेत म्हणून दिवसाआड घेणे उपयोगाचे नाही; परवडत नसल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून मार्ग विचारावा.

भ्रम अचानक वाढला तर त्यामागे बहुधा कारण असते: बद्धकोष्ठ, पोटातील संसर्ग, आतड्यातला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी पडलेला कोरडेपणा किंवा झोपेची गोळी. म्हणून झोप लागत नाही अशी तक्रार असली तरी गावातल्या दुकानातून झोपेची गोळी कधीही आणू नये. भ्रमाचा एकही झटका येऊन गेला असेल तर रुग्णाने दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नये. हे आण्णांना सांगणे मला फार जड गेले होते. माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल तर तोंडात औषध ओतू नका, त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ताट भरलेले ठेवा

कावीळ म्हटली की आपल्याकडे तेल बंद, डाळ बंद, पिवळे काही नको, ताक-भात आणि उसाचा रस सुरू. प्रतीक्षायादीवरच्या रुग्णासाठी हा बेत घातक आहे. यकृत दुबळे झाले की शरीर रात्रीच्या उपासातच स्नायू जाळू लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर उठून बसायला हेच स्नायू लागतात. पोट फुगलेले आणि दंड, मांड्या बारीक, हे रूप दिसते ते यामुळेच. रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ यांतून संसर्ग येऊ शकतो, आणि मधुमेह असेल तर साखरही वाढते.

पाणी वगळून जे वजन भरेल, त्याच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. भ्रमासाठी प्रथिने तोडायची जुनी पद्धत मागे पडली आहे. साठ किलोच्या माणसाला हे ७२ ते ९० ग्रॅम होते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, मोठा पेलाभर दुधात आठ, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, असा हिशेब मांडला की लक्षात येते, दोन वेळच्या जेवणात हे बसत नाही. म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. पोटात पाणी असल्याने दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, तेव्हाही हाच उपाय आहे.

सर्वांत महत्त्वाचे खाणे रात्री झोपण्यापूर्वीचे. एक मध्यम भाकरी आणि कपभर दूध एवढे रात्री दहाच्या सुमारास पोटात गेले तर सकाळपर्यंतचा लांब उपास तुटतो. उपासतापासाचा प्रश्नही येथेच येतो. आषाढी, शिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्र यांत रुग्णाने निरंकार राहू नये. आण्णांनी सोमवार सोडायला नकार दिला तेव्हा वहिनींनी तो उपास आपल्या अंगावर घेतला आणि देवापुढे तसे बोलून दाखवले. त्यानंतर ते निर्धास्तपणे जेवू लागले. कारवारकडच्या घरांनी कालवे, तिसऱ्या, मासे हे पूर्ण शिजवल्याखेरीज देऊ नयेत, कारण कच्च्या शिंपल्यांतले काही जंतू यकृताच्या रुग्णाच्या जिवावर बेततात. दूध उकळूनच द्यावे. बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचा करदंट घासभर खाल्ला म्हणून बिघडत नाही, मधुमेह नसेल तर.

खाल्लेले अंगी लागण्यासाठी हालचाल हवी. अंगणात दहा मिनिटे चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, असे दिवसातून दोनदा जमेल तसे करावे. दारू पूर्णपणे बंद हे सांगायला नको, पण निपाणी भागात तंबाखू घराघरांत आहे म्हणून सांगतो: विडी, सिगारेट आणि तंबाखूही सोडावी लागते, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर याची चौकशी करतातच.

कोणत्या क्षणी वाट पाहायची नाही

रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पोटात नवे दुखणे, लघवी अगदी कमी होणे, वाढती गुंगी, श्वास लागणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होऊ देऊ नये. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या तर दुर्बिणीतून बँड बांधण्याची सोय असलेलेच रुग्णालय उपयोगाचे. ते आपल्यापासून सर्वांत जवळ कोठे आहे हे आजच शोधून, तेथे एकदा जाऊन, फाइलची प्रत दाखवून यावे. परगावच्या प्रत्यारोपण केंद्राकडे थेट धावण्याचा मोह टाळावा. आधी जवळ स्थिर करणे आणि मग हलवणे हाच क्रम सुरक्षित आहे. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात रस्ते आणि मोबाइल दोन्ही बंद पडतात, म्हणून त्या भागातल्या रुग्णाने जून ते सप्टेंबर शक्यतो बेळगाव शहरातल्या नातेवाइकांकडे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पोटातल्या पाण्याचा संसर्ग कधी कधी ताप न येता, फक्त गोंधळ किंवा अशक्तपणा वाढून दिसतो. म्हणूनच दाखल झाल्यावर ‘पोटातले पाणी तपासायला घेतले का’ हा प्रश्न विनयाने पण नक्की विचारावा.

खाज, पेटके आणि औषधांचे दुकान

खाजेसाठी गार पाण्याने अंघोळ, खोबरेल तेल, सुती कपडे आणि कापलेली नखे यांनी थोडा दिलासा मिळतो. कोलेस्टायरामिनची पूड दिली असेल तर ती आणि इतर गोळ्या एकत्र घेऊ नयेत. किती तासांचे अंतर ठेवायचे ते विचारून वहीत लिहावे. रात्री पोटऱ्यांना पेटके येतात तेव्हा पाय ताणून चवडा आपल्याकडे ओढावा आणि पुढच्या भेटीत रक्तातले क्षार तपासायला सांगावेत.

अंग दुखले म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्याने मूत्रपिंडे बिघडतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत, सहसा दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, चालते. काविळीचे गावठी औषध, नाकात टाकायचे थेंब, काढे यांपासून रुग्णाला दूर ठेवा. ‘वनस्पतीच आहे, काय होणार’ असे म्हटले जाते, पण गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. आमच्या मामांनी प्रेमापोटी दूरच्या वैद्याकडून पुडी आणली होती. ती घेतली नाही हे त्यांना सांगताना वाईट वाटले, पण सांगितले.

लसी, दातांची तपासणी आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफी या गोष्टी प्रतीक्षेच्या काळातच उरकून घ्याव्यात.

दाता आणि कागदपत्रे

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताच्या तुकड्यावर होतात, म्हणून यादीवर नाव असतानाच घरात हा विषय निघतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. इतर कोणी द्यायचे असल्यास अधिकृत समितीची परवानगी लागते. घरात रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करण्यासही त्याच दुरुस्तीने मार्ग दिला आहे. पैसे घेऊन यकृत मिळवून देतो असे सांगणारा भेटला तर त्याच्याशी बोलणेही थांबवा. या गुन्ह्याला पाच ते दहा वर्षे तुरुंगवास आणि किमान वीस लाख रुपये दंड आहे.

दात्यावर दबाव येऊ देऊ नका. सून, धाकटी बहीण, अविवाहित मुलगी यांना ‘तूच पुढे हो’ असे घर न बोलताही सुचवत असते. दात्याला डॉक्टरांशी एकटे बोलण्याचा हक्क आहे, आणि त्याने नकार दिला तर घरात त्याचा उच्चार पुन्हा होऊ नये.

कागदपत्रांची अडचण सीमाभागात वेगळीच आहे. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, शिधापत्रिका कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, आणि तिन्हींत नावाचे रूप वेगळे. बहीण चंदगड-गडहिंग्लजकडे दिली असेल तर तिचे आडनाव आणि राज्य दोन्ही बदललेले. त्यात २०१४ पासून गावाचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाल्याने जुन्या-नव्या दाखल्यांत तोही फरक येतो. नाते सिद्ध करताना या प्रत्येक फरकावर प्रश्न येतो. म्हणून पहिल्याच महिन्यात सर्व कागद एका टेबलावर मांडा, नावांतील फरक लिहून काढा, नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, वंशवृक्ष व रहिवासाचा दाखला मागा, ‘हे दोन्ही एकाच व्यक्तीचे नाव’ असे प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि कन्नड कागदांचे प्रमाणित भाषांतर तयार ठेवा. आमचे हे काम शेवटी शेवटी सुरू झाले आणि एका अक्षरासाठी तीन खेपा झाल्या.

पैशांसाठी कर्नाटकातील आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत अवयव प्रत्यारोपणाला काय मिळते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, लेखी घ्यावे. महाराष्ट्र सरकारने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. आपले गाव त्या यादीत आहे का आणि यकृत प्रत्यारोपण त्यात बसते का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे गृहीत धरू नये.

अनिश्चिततेसोबत राहताना

वाट पाहण्याचा सर्वांत मोठा त्रास हा की ती कधी संपेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि जो फोन यावा म्हणून आपण देवाला विनवतो, तो कोणाच्या तरी घरी दुःख झाल्यावरच येणार असतो. आण्णांना याची फार बोच होती. त्याविषयी घरात उघड बोललो तेव्हा ती सोसवेल एवढी झाली. मरणाचा विषयही असाच उघड करावा लागतो. ‘तसलं काही बोलू नको’ म्हणून तोंड बंद केले की रुग्ण एकटा पडतो. शेती कोणाच्या नावे, कर्ज किती, अतिदक्षता विभागात कुठवर जायचे, हे त्यांचे डोके शांत आणि स्पष्ट असताना एकदा बोलून घ्यावे, कारण भ्रमाच्या काळात ते विचारता येत नाही.

‘अजून नंबर लागला नाही का?’ हा प्रश्न गल्लीतला प्रत्येक माणूस विचारतो. आम्ही ठरवले की उत्तर फक्त मी देईन आणि तेही रुग्णासमोर नाही. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून दिली. सर्दी-तापाच्या माणसाला ओट्यावरूनच परत पाठवले. पुढच्या वर्षाचे बेत आखू नयेत असे मला वाटू लागले होते, पण आठवड्याचे बेत जरूर आखावेत: बुधवारी पुतण्याचा पाढे पाठांतराचा तास, शनिवारी मळ्यापर्यंत फेरी.

सांभाळणाऱ्या बाईचीही, आणि बहुधा ती बाईच असते, आठवड्यातली एक रात्र मोकळी ठेवा. त्या रात्री दुसऱ्याने वही घेऊन जागावे. उदासी घेरली, जगणे नको वाटले किंवा दारूची ओढ परतली, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलता येते, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

फोन येतो तेव्हा

समन्वयकाकडे किमान तीन क्रमांक द्या, त्यांतला एक बेळगाव शहरात राहणाऱ्याचा असावा. काढलेले यकृत थंड ठेवून काही तासच टिकते, आणि बंगळूरचा रस्ता आठ-नऊ तासांचा आहे. म्हणून ‘किती तासांत पोहोचायला हवे’ हे आधीच विचारून ठेवा आणि त्यानुसार गाडी, दुसरी गाडी, रात्री निघायला तयार असलेले दोन चालक ठरवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान मिळेल यावर भिस्त ठेवू नये. पिशवीत मूळ कागद, फाइल, वही, दोन दिवसांची औषधे, चार्जर, कपडे आणि रोख रक्कम असावी. निघताना काही खायचे का आणि कोणती गोळी टाळायची, हे त्याच फोनवर विचारा. गुरांचे दूध कोण काढणार आणि घरात मुलांपाशी कोण झोपणार, हेही कागदावर असू द्या.

पहिला फोन म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. यकृत तपासल्यावर ते योग्य नसल्याचे कळू शकते, किंवा आधीच्या रुग्णाला ते देता आले नाही तर पर्यायी रुग्ण म्हणून तुम्हाला बोलावलेले असू शकते. आम्हाला पहिल्यांदा हावेरीच्या पुढे गेल्यावर ‘परत जा’ असा फोन आला. गाडीत कोणी बोलले नाही. पहाटे घरी पोहोचलो तेव्हा वहिनींनी आधी चूल पेटवली, भाकरी आणि गरम दूध आण्णांपुढे ठेवले, चुकलेली लॅक्टुलोजची मात्रा दिली, आणि मग सकाळचे वजन वहीत लिहिले.